मालगाडीसाठी तीन संधी

अब्बांनी सातवी घोडी वाटीत टाकली, तेव्हा मला पहिल्यांदा धडकी भरली.

घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी. तिचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार नुसती वाजून गप्प बसत नाही, गुंजत राहते. याला जवारी काढणं म्हणतात. माझे अब्बा, दस्तगीर मिस्त्री, मिरजेत पन्नास वर्षं हेच करत आलेत. एक घोडी बिघडली तरी ते दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत, आणि दीड महिन्यात सात बिघडल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, तार कधी बोलते, कधी बोलत नाही. मी म्हटलं, डोक्यात बसवलेल्या यंत्रानं ऐकायला नस अजून शिकतेय, वेळ लागतो. ते म्हणाले, दोन वर्षं शिकतेय, एवढा मंद कारागीर मी दुकानात ठेवला नसता.

आमच्या घरात मिरजेचं हिंदी चालतं. पण अब्बा चिडले की मराठीवर येतात, आणि या गोष्टीत ते जवळजवळ पूर्ण वेळ चिडलेले आहेत. त्यामुळे मला भाषांतराची कटकट नाही.

चार वर्षांपूर्वी एका तापानं त्यांच्या दोन्ही कानांच्या आतल्या भागाचं वाटोळं केलं. ऐकण्याचं इंद्रिय आणि तोल सांभाळण्याचं इंद्रिय एकाच हाडात शेजारी राहतात. दोन्ही एकदमच गेली. ऐकू येणं बंद, आणि मान वळवली की जमीन फिरायची. सपाट जमिनीवर ते काठी घेऊन चालायला शिकले, पण शिडी कायमची सुटली. आमच्या दुकानाच्या माळ्यावर त्यांनी स्वतः टांगलेले एकवीस भोपळे सुकत आहेत. त्यातल्या एकाचा तंबोरा करायचा, हे त्यांनी आजारपणाच्या आधीच ठरवलेलं. भोपळा टांगल्या जागी टिचकी मारूनच निवडायचा, खाली आणून नाही, असा त्यांचा हट्ट. दुसऱ्या कुणाला वर चढू देत नाहीत, मलाही नाही.

मी ‘संवेद’मध्ये काम करते. मिरज जंक्शनच्या मालधक्क्याला लागून आमची इमारत आहे. आम्ही नससेतू बनवतो. जिथं इंद्रिय मेलंय पण मागची नस जिवंत आहे, तिथं हा बसवतात. तांदळाच्या दाण्याएवढी चकती, आणि तिच्यातून निघून नसेवर टेकलेले केसाहून बारीक तीनशे धागे. चकतीतलं सॉफ्टवेअर बाहेरचं जग नसेला कळेल अशा ठोक्यांत उतरवतं. ठोके अगदी एकसारखे दिले तर नस लक्ष देईनाशी होते, म्हणून त्यात मुद्दाम थोडी अनियमितता मिसळावी लागते. त्यामुळे तीच टेस्ट पुन्हा केली तरी ठोके हुबेहूब तसेच पडत नाहीत.

अब्बांच्या डोक्यात ही चकती दोन वर्षांपूर्वी बसली. तिच्यातला ‘कान’ तेव्हाच सुरू झाला. कानामागे बाहेरून चिकटवायचा एक रुपयाएवढा तुकडा असतो, तो लावला की ऐकू येतं, काढला की बंद. त्याच चकतीतला ‘तोल’ अजून झोपलेला होता. तो जगात पहिल्यांदा अकरा माणसांमध्ये सुरू व्हायचा होता, येत्या बुधवारी, आणि यादीत पहिलं नाव अब्बांचं होतं. पुन्हा शस्त्रक्रिया नाही, फक्त नवं सॉफ्टवेअर पाठवायचं. अब्बांनी सुताराला बोलावून शिडीच्या दोन पायऱ्या बदलून घेतल्या होत्या. बुधवारी दुपारी ते वर चढणार होते, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर दुकानात मांडी घालून बसले. म्हटलं, आठवी घोडी बिघडवायच्या आधी मला ऐकवा.

त्यांची पद्धत मला लहानपणापासून पाठ आहे. घोडी बसवली की तार तीनदा छेडायची, मध्ये श्वासभर थांबायचं. तिन्ही वेळा सारखी बोलली तर जवारी निघाली. एकदा जरी मुकी राहिली तर तार उतरवायची आणि पुन्हा कानस हातात घ्यायची. त्यांनी छेडली. पहिली बोलली. दुसऱ्या वेळी त्यांनी बोट वर केलं, मुकी. तिसरी बोलली. मी म्हटलं, अब्बा, मला तिन्ही सारख्या ऐकू आल्या.

मग त्यांनी ती वाटी पुढे ओढली आणि त्यातल्या सात घोड्या एकेक करून तळहातावर घेतल्या.

“म्हणजे या चांगल्या होत्या,” ते म्हणाले.

सात चांगल्या घोड्या त्यांनी स्वतःच्या हातानं घासून घालवल्या होत्या, माझ्या कंपनीच्या कानावर विश्वास ठेवून. आणि दीड महिना मी त्यांना सांगत होते, की कानाच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, तुमचंच वय झालंय.

सोमवारी ऑफिसात गेले ती थेट माझ्या खुर्चीत. माझं काम बिल्डचं. आमच्या सॉफ्टवेअरचे पाच उपप्रकल्प आहेत: कान, तोल, हात, पाऊल आणि गिळणं. कुणी कुठेही एक ओळ बदलली की यंत्र पाचही प्रकल्प नव्यानं जोडतं आणि प्रत्येकाच्या हजारो टेस्ट घेतं. सगळ्या पास झाल्या की भिंतीवरच्या बोर्डावर त्या प्रकल्पाचा चौकोन हिरवा होतो. टेस्ट कशा घ्यायच्या याची काही सेटिंग सगळ्यांना सारखीच लागतात, म्हणजे किती सेकंद थांबायचं, खोटा रुग्ण कोणता धरायचा वगैरे. पूर्वी ती प्रत्येक प्रकल्पात वेगळी लिहिलेली असत आणि एकात बदलली की दुसऱ्यात राहून जात. म्हणून आम्ही ती एकाच ‘सामाईक’ फाइलमध्ये आणली. वर एकदा बदललं की खाली पाचांना आपोआप लागू. ही कल्पना माझी, आणि तिचा मला अभिमान होता.

बोर्ड फक्त शेवटचा निकाल दाखवतो. मी त्याच्या खालचा कच्चा लॉग उघडला, जो कुणी उघडत नाही. कानाची एक टेस्ट आहे, तारेचा झंकार. दीड महिन्यापूर्वी कानाचं नवं सॉफ्टवेअर गेल्यापासून ती तीनात एकदा नापास होत होती. मग आपोआप पुन्हा चालत होती आणि पास होत होती. बोर्डावर हिरवा.

मी ‘तोल’चा लॉग उघडला. तिथं एक टेस्ट आहे, पायरी उतरताना मान वळवणं. ती पाचात एकदा नापास होत होती. पण तिलाही तीन संधी होत्या, आणि तिन्हीत नापास झाली तरच लाल. पाचात एकदा चुकणारी गोष्ट सलग तीनदा चुकण्याची वेळ हजारात आठदा येते. बाकी नऊशे ब्याण्णव वेळा चौकोन हिरवा. आणि ते आठ वेळचं लाल बघून आम्ही काय करायचो, तर बिल्ड पुन्हा चालवायचो.

या तीन संधी आल्या कुठून? सामाईक फाइलमध्ये एक ओळ होती: ‘नापास झाल्यास पुन्हा घ्या, एकूण तीनदा, एक पास पुरे.’ प्रत्येक ओळ कुणी आणि का लिहिली याची नोंद राहते. मी ती उघडली. नोंद सहा वर्षांपूर्वीची होती. नाव माझंच, शमीम. कारण, मालगाडी.

मग सगळं आठवलं. तेव्हा आमच्याकडे फक्त ‘कान’ होता. खरा मायक्रोफोन एका पेटीत ठेवून त्याच्यावर टेस्ट चालायच्या. धक्क्यावरून मालगाडी गेली की पेटी हादरायची आणि टेस्ट लाल व्हायची. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, रेल्वेचा होता. मी वैतागून ती ओळ टाकली. त्या वेळी ती बरोबरच होती. पुढे मी सेटिंग वर नेली तेव्हा तीही वर गेली, आणि मग हात, पाऊल, गिळणं, तोल, जो प्रकल्प आला त्यानं ती निमूट घेतली. ‘तोल’मध्ये पेटी नाही, मायक्रोफोन नाही, मालगाडीशी त्याचं काही देणंघेणं नाही. तरी त्याला दोनदा चुकायची मुभा मिळाली होती, आणि कुणी मागितलेलीसुद्धा नव्हती.

मी मकरंदला बोलावलं. मकरंद धुळूबुळू आमचा प्रमुख, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अब्बांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळपासून माझ्याशेजारी बसून राहिलेला माणूस, आणि त्यांचं नाव यादीत पहिलं घालणाराही तोच. ‘तोल’ सांभाळणारी रेवती ऐनापुरेही आली. मी लॉग दाखवला. रेवतीनं आकडे पुन्हा एकदा वाचले. म्हणाली, माझी टेस्ट पाचात एकदा पडते हे मला आज कळतंय. तिनं खुर्ची ओढली आणि तिथंच वाचायला लागली.

मकरंदनं शांतपणे मार्ग काढला. बुधवार रद्द, यावर त्याचा वादच नव्हता. फक्त ‘तोल’मध्ये वेगळी ओळ घालायची, की इथं एकच संधी. वरची सामाईक ओळ तूर्त तशीच ठेवायची. मंगळवारी परवाना खात्याची माणसं येणार होती, बोर्ड बघणार होती. त्यानंतर हळूहळू एकेक प्रकल्प तपासू, म्हणाला. ऐकायला अगदी शहाणपणाचं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण त्याच्यावर नाही. मी त्याला म्हटलं, वर तशीच ठेवली तर पुढच्या वर्षी सहावा प्रकल्प येईल आणि तोही वरून हेच उचलेल. आणि ‘हात’चं काय? तो तर माणसांत जाऊन तीन वर्षं झाली.

“त्याचाच विचार करतोय,” तो म्हणाला. “हात चारशे लोकांकडे आहे, शमीम. त्याचा चौकोन लाल झाला तर नियमानं चारशे पत्रं पाठवावी लागतात.”

“मग पाठवू.”

“कंपनी बसेल.”

“बसली तर बसली. अब्बा सात घोड्या स्वतःच्या हाताची चूक समजून घासत बसले, मकरंद. त्या चारशेंपैकी कोण काय समजून बसलंय, हे तुला माहितीये?”

तो उठून गेला. जाताना परवानगी दिली नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ती फाइल माझी होती, बदलायचा अधिकार माझा होता. मी ओळ उघडली. ‘एकूण तीनदा’ तसंच ठेवलं. ‘एक पास पुरे’ खोडून ‘तिन्ही पास हव्यात’ लिहिलं.

लिहिलं आणि हात थांबला. सहा वर्षांपूर्वी मी तीनच का लिहिलं होतं? दोन का नाही, पाच का नाही? घरात तीनदा छेडलेली तार ऐकत मी वाढले. आकडा मी अब्बांच्या दुकानातून उचलला होता आणि त्याचा अर्थ तिथंच टाकून आले होते. खूप लाज वाटली. एकटी होते म्हणून बरं.

कारणाच्या जागी लिहिलं, ‘पूर्वीची ओळ माझी चूक होती,’ आणि बदल पाठवला. चाळीस मिनिटांनी बोर्ड बदलला. कान लाल, तोल लाल, हात लाल, पाऊल लाल. गिळणं तेवढं हिरवं राहिलं. शेजारच्या खोलीतले लोक उठून बघायला आले आणि माझ्याकडे बघून परत गेले.

मंगळवारी दुपारी घरी जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी बुधवारसाठी पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला होता. आधी त्यांना वाटलं एखादा आठवडा पुढे गेलं असेल. मी म्हटलं, किती दिवस ते माहीत नाही.

“तूच म्हणालीस हिरवं आहे.”

“मीच म्हणाले.”

“मग? शिडी माझी, डोकं माझं. कागद आण, सही करतो.”

“पाचात एकदा चुकतं, अब्बा. शिडीला सात पायऱ्या आहेत.”

त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. कानामागचा तुकडा काढला, त्या सात घोड्यांच्या वाटीत टाकला आणि माझ्याकडे पाठ करून कानशी पुसत बसले. मी त्यांचीच मुलगी, माझ्याही नाकावर राग असतो. पण त्या दिवशी रागवायला तोंड नव्हतं.

नऊ दिवस असंच. मी घरात पाऊल टाकलं की तुकडा वाटीत. गिऱ्हाईक आलं की पुन्हा कानाला. जेवायला वाढून मी निमूट उठायचे. दहाव्या दिवशी मी एक कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात सगळं लिहिलं. मालगाडी, पेटी, तीन संधी, एक पास पुरे. ही ओळ सहा वर्षांपूर्वी मी लिहिली, हेही लिहिलं. कागद त्यांच्या कानशीखाली ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग वाटीतून तुकडा उचलला, सदऱ्याला पुसला आणि कानामागे लावला.

“तीनदा छेडायला तुला मीच शिकवलं ना?”

“हो.”

“तिन्ही वेळा बोलली पाहिजे, हेही सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं.”

“मग एकदा बोलली की पुरे, हे कुठं शिकलीस?”

मी रडले. पन्नाशीला टेकलेली बाई, बापासमोर मांडी घालून लहान पोरीसारखी रडले. त्यांनी रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाले, आता नीट कर, घाई करू नकोस, भोपळे कुठं पळून जात नाहीत.

मकरंदनं चारशे पत्रं पाठवली. सगळ्यांवर स्वतः सही केली. तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि मीही त्याला मनवायला गेले नाही. परवाना खात्याच्या माणसांनी बोर्ड बघितला, लॉग मागितला आणि सहा महिन्यांची मुदत दिली. कंपनी बसली नाही, पण गुडघ्यावर आली. दोन मोठी कामं हातची गेली.

मग एका दुपारी मकरंद माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात उत्तरं होती. इस्लामपूरच्या एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, की तिच्या कृत्रिम हातातून अधूनमधून कप सुटतो. तिला वाटायचं आपणच वेंधळ्या, म्हणून तिनं तीन वर्षांत पाहुण्यांना चहा देणं सोडलं होतं. अशी सव्वीस पत्रं होती. मकरंदनं चारपाच वाचून दाखवली, पुढचं त्याच्यानं वाचवेना. कागद टेबलावर ठेवून म्हणाला, बरं केलंस. एवढंच. मला तेवढं पुरलं.

दोष शेवटी रेवतीनं पकडला. नसेशी बोलणारा थर पाचही प्रकल्पांना एकच आहे. दोन सूचना एकाच क्षणी आल्या तर तो कधीकधी एक पुढे पाठवायचा आणि दुसरी सोडून द्यायचा. मान वळतेय आणि पाय खाली जातोय, या दोन्ही एकदम आल्या की पायाची सूचना गळायची. तारेचा मूळ सूर आणि तिची गुंज एकदम आली की गुंज गळायची. दुरुस्ती अकरा ओळींची निघाली, शोधायला सात आठवडे लागले. कान हिरवा झाला, मग तोल, मग पाऊल. ‘हात’ची एक टेस्ट अजून लाल आहे. ती लाल आहे हे बोर्डावर दिसतं आणि त्या चारशे जणांनाही माहीत आहे.

राहिली मालगाडी. नवी ओळ लागू झाल्यापासून गाडी गेली की कानाच्या टेस्ट पुन्हा पडायला लागल्या होत्या. मी घरून जुनी वाकळ नेली, चौघडी केली आणि पेटीखाली घातली. पेटी हादरायची थांबली. सहा वर्षांपूर्वी हेच करायला हवं होतं.

अब्बांचा तोल एका गुरुवारी सकाळी सुरू झाला. दवाखान्यात त्यांना चालवलं, वळवलं, डोळे मिटून उभं केलं. ते सगळ्यांचं ऐकत होते, पण लक्ष घराकडे होतं. बिनचालकाच्या रिक्षात बसल्यावर तिलाही दोनदा म्हणाले, जरा लवकर चल. दुकानात आल्यावर काठी कोपऱ्यात ठेवली आणि इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात घातला. गल्लीतली चारपाच माणसं दारात जमली होती. मी शिडीचा पाया दोन्ही हातांनी धरला. डॉक्टरांनी हिरवा म्हटलं होतं, बोर्डानं हिरवा म्हटलं होतं, तिन्ही वेळा पास होतं, तरी मी पकड ढिली केली नाही.

ते चढले. सात पायऱ्या, सावकाश. माळ्यावरून टिचक्यांचा आवाज यायला लागला. एकेक भोपळा, मध्ये शांतता, पुन्हा टिचकी. एकविसाव्यानंतर ते खाली यायला वळले. पाचव्या पायरीवर दारातून कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी मान वळवली. पाय खाली जात होता. पाय पायरीवर नीट पडला. ते खाली आले, जमिनीवर उभे राहिले, हात झटकले.

मी शिडी सोडली आणि त्यांना मिठी मारायला पुढे झाले. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“धर नीट,” अब्बा म्हणाले. “अजून दोनदा.”